हवेतला कापूस

जया नगराळे कुठं असते असं कुणी विचारलं की ती सांगायची, "दवाखान्यात." मग समोरचा चेहरा पाडून विचारायचा, काय झालं, किती दिवस झाले, डॉक्टर काय म्हणतात. पहिली दहा वर्षं ती समजावून सांगायची की आपण तिथं नोकरीला आहोत, आजारी नाही. पुढची बारा वर्षं "आता बरं वाटून राह्यलं" म्हणून मोकळी होऊ लागली. लोकांना काळजी करायला आवडतं, तर करू द्यावी, एवढा मनाचा मोठेपणा तिच्याकडे होता.

दवाखाना म्हणजे यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना लागणारं, एका धर्मादाय ट्रस्टचं चाळीस खाटांचं इस्पितळ. तिथं जया आया म्हणून लागली आणि कागदोपत्री आयाच राहिली. फरशी पुसणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं ही तिची कामं. पण कागद काही म्हणो, पुरुषांच्या वॉर्डात तिचा शब्द चालायचा. नव्या डॉक्टरांना आठवडाभरात कळायचं की गोळी आपण लिहायची असली, तरी ती पेशंटच्या पोटात जाईल की उशाखाली, हे जयाताई ठरवतात.

तिला एक नाद होता. नशेत, तापात किंवा औषधाच्या अमलाखाली माणसाला जे नसलेलं दिसतं, त्याचा. माणूस शुद्धीवर आला, चहा प्याला, की ती स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, काय दिसलं? बाकीच्या आया तिला हसायच्या. कुणाला सिनेमाचा नाद असतो, कुणाला भिशीचा, हिला लोकांच्या भासांचा. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला एक मास्तर घरात एसटी शिरली म्हणून सगळ्यांना मागे सरका, मागे सरका म्हणत होता. होळीला भांग चढलेल्या एका जावयाला सासरा बोटाएवढा दिसला, आणि शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला की तेवढाच बरा होता. असे नमुने गोळा करता करता जयाचा एक सिद्धांत तयार झाला होता, की माणसाला भासातही त्याचं रोजचंच दिसतं. मास्तराला एसटी, जावयाला सासरा. देव, स्वर्ग, अप्सरा ह्यांतलं तिच्या वॉर्डात अजून कुणालाच काही दिसलं नव्हतं.

मग बोंडअळीचं साल आलं. कापसाचे दिवस तसे कितीतरी वर्षांपासून वाईटच चालले होते, पण त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली, अळी बोंडाच्या आत शिरली, आणि जो तो पाठीवर पंप घेऊन दोन-दोन औषधं एकत्र कालवून फवारत सुटला. वाऱ्यानं ते उलटं अंगावर यायचं. दुपारपर्यंत माणूस घामानं थबथबायचा, तोंडातून लाळ गळायची, छाती भरायची, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं व्हायचं. भादव्यापासून असे पेशंट रोज येऊ लागले आणि पुरुषांच्या वॉर्डाला सगळे फवारणीचा वॉर्ड म्हणू लागले.

ह्या विषावर उतारा अ‍ॅट्रोपिनचा. ते लाळ सुकवतं, छाती मोकळी करतं, माणसाला जिवंत ठेवतं. पण अति तिथं माती. मात्रा जास्त झाली की तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, बुबुळं मोठी होतात आणि माणूस वेगळ्याच मुलखात जातो. तिथं गेलेला माणूस बोटांनी चादरीवरून, हवेतून काहीतरी उचलत बसतो. डॉक्टरांच्या पुस्तकात ह्याला काहीतरी अवघड नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात ज्याला डोळे आहेत त्याला सरळ दिसायचं की हा कापूस वेचतोय. बोटं बोंडात घालायची, मनगटाला हलका झटका द्यायचा, मूठ भरली की कमरेकडे न्यायची. शुद्ध हरपलेल्या माणसाचाही हात चुकत नसे.

नातेवाइकांना ह्याचा कोण आनंद. दोन दिवस मेल्यासारखा पडलेला माणूस एकदम कामाला लागला. एका म्हातारीनं तर पोरगा वेचणीला लागला म्हणून वॉर्डभर साखर वाटली. जयानं साखर घेतली, तोंडात टाकली आणि सरळ डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर म्हणजे उर्वशी देशकर. नागपूरहून नुकतीच आलेली, सव्वीस वर्षांची, आणि सगळं पुस्तकात असतं ह्यावर पूर्ण विश्वास असलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं अशा दोघांचे हात पट्टीनं खाटेला बांधायला सांगितले, कारण ते सलाइन उपटत होते. जयानं पट्ट्या आणल्या, पण बांधल्या नाहीत. तिनं एक जुनी चादर कमरेला गुंडाळून पुढं झोळी केली, वेचणीच्या बाया बांधतात तशी ओटी, आणि पेशंटसमोर जाऊन बसली. त्यानं हवेतला कापूस काढला, ओटीत टाकला. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. जया मधूनमधून एखादं राहिलेलं बोंड दाखवून द्यायची. तासाभरात माणूस दमला, ओटी भरली असं त्याला वाटलं असावं, आणि झोपला. सलाइन जिथल्या तिथं.

"मॅडम, त्याले बांधसान त तो सुटाले पाहीन," जया म्हणाली. "तो वावरात आहे. आपुनच वावरात जाऊन बसा लागते."

उर्वशी हुशार मुलगी होती, म्हणजे चूक कबूल करायला तिला फक्त दोन दिवस लागले. तिनं बांधणं बंद केलं, आणि मग लक्ष ठेवलं तर जया ज्यांच्यापाशी बसते त्यांना झोपेचं इंजेक्शन निम्मंच लागत होतं. ती चकित झाली आणि टिपणं काढू लागली. ह्यावर निबंध लिहायचा म्हणाली. बाहेरदेशी असं संशोधन चालतं, तिनं जयाला सांगितलं. उदास झालेल्या किंवा व्यसनात अडकलेल्या माणसाला भास घडवणारं औषध जपून, मोजून देतात, आणि अंमल उतरेपर्यंत एक शिकवून तयार केलेला माणूस त्याच्या शेजारी बसवतात. नुसतं नीट बसायचं कसं, ह्याचं त्याला शिक्षण असतं. जयाला ह्याची फार गंमत वाटली. तिकडे मुद्दाम पाठवावं लागतं, इकडे माणसं न सांगता वावरात फिरून येत होती.

एकदा तर एक गडी वेचायला हातच लावेना. आधी सीतादही करा, म्हणून अडून बसला. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो झाल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही असा त्याचा नेम. खाटेवर असला म्हणून काय झालं? जयानं कँटीनमधून वाटीभर दहीभात आणून खाटेच्या पायांशी ठेवला, तेव्हा कुठं तो शांतपणे कामाला लागला. उर्वशीनं हेही लिहून घेतलं, आणि दहीभाताची मात्रा किती ते विचारलं.

ह्या सगळ्यानं जया हरभऱ्याच्या झाडावर चढली. तिचा नियमच झाला, की हात कापसात गेले म्हणजे औषध जास्त झालं, कमी करा. पाच वेळा तिनं सांगितलं आणि पाचही वेळा खरं निघालं. उर्वशी आता केसपेपर वाचण्याआधी जयाकडे बघायची. घरी नवरा धम्मरत्न लोहाऱ्याच्या कारखान्यातून पाळी करून यायचा आणि जेवायला बसला की त्याला अ‍ॅट्रोपिन ऐकावं लागायचं. भाजीत मीठ नाही, एवढं सांगायलाही त्याला पेशंट बरा होईपर्यंत थांबावं लागे.

एका बाबतीत मात्र तो वॉर्ड कुणालाच दाद देत नव्हता. भरतीच्या फॉर्मवर एक ओळ होती, दारू पिता का? चौदा खाटा, आणि चौदाही फॉर्मांवर "नाही". एवढे निर्व्यसनी पुरुष एका छताखाली आख्ख्या जिल्ह्यात सापडले नसते. झालं होतं असं, की प्यालेला होता असं कागदावर आलं तर विषबाधेची सरकारी मदत मिळत नाही, अशी गावोगाव बोलवा होती. खरं-खोटं विचारायला कुणी गेलं नव्हतं, पण बोलवा पक्की होती. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तशा बायका उपचाराला येऊन दारू लपवायच्या. एरवी माणसाच्या पोटातलं काढून घेणारी जयाही ह्या ओळीपाशी आली की पुढं खोदून विचारायची नाही.

पूनमसिंग आडे एका सोमवारी आला. पुसदकडच्या एका तांड्यावरचा, पन्नाशीचा माणूस. सोबत बायको मोतीबाई. मोतीबाई वॉर्डात शिरली आणि कुणीतरी तपासणीला आल्यासारखे सगळे नीट बसले. तांड्याजवळच्या गावात देशी दारूचं दुकान होतं. ते उठवण्यासाठी ह्या बाईनं दोन वर्षं बाया गोळा केल्या, मोर्चे नेले आणि शेवटी बायकांचं मतदान लावलं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडव्या बाटलीवर म्हणजे बंद करा. आडवी बाटली निवडून आली आणि मोतीबाईचा फोटो पेपरात आला. त्या कात्रणाची घडी तिच्या पिशवीत होती. नवऱ्याला सलाइन लागेपर्यंत ती उर्वशीला दाखवून झाली. फॉर्मवरची ती ओळ आली तेव्हा तिनं प्रश्न पुरा होऊच दिला नाही. आमच्या इथं नाही, लिहा, म्हणाली.

पूनमसिंग मऊ माणूस होता. खोकायचं झालं तरी आधी बायकोकडे बघायचा. मंगळवारी त्याची लाळ थांबली, बुधवारी सकाळी त्यानं चहा मागितला, आणि दुपारी त्याची बोटं चादरीवरून काहीतरी उचलू लागली.

जयानं दारातूनच पाहिलं आणि निकाल दिला. उर्वशीनं अ‍ॅट्रोपिन कमी केलं, संध्याकाळी बंदच केलं. धम्मरत्ननं जेवताना सहावी केस ऐकली आणि भात मुकाट्यानं संपवला.

गुरुवारी सकाळी जया कामावर आली तर पूनमसिंग जास्तच बिघडलेला. सगळं अंग थरथरत होतं, उशी घामानं ओली होती, नाडी धावत होती. उर्वशी गोंधळली. औषध जास्त झालं असतं तर अंग कोरडं असायला हवं. घाम आहे म्हणजे विष पुन्हा उसळलं, आपण उतारा फार लवकर थांबवला. पण मग बुबुळं मोठी कशी, तेही तिला सुटत नव्हतं. मोठे डॉक्टर अमरावतीहून दुपारी येणार होते, आणि तोवर हा माणूस टिकेल असं वाटत नव्हतं. तिनं दुप्पट अ‍ॅट्रोपिन भरायला सांगितलं. आपण चुकलो, जयाताई, असं ती म्हणाली. "आपण" म्हणाली, हे तिचं चांगुलपण.

जयानं दहा मिनिटं मागून घेतली. ओटी बांधून ती त्याच्यासमोर बसली. पूनमसिंगनं ओटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उचलत होता खरा, पण मूठ कमरेकडे नेत नव्हता. काढायचा आणि झटकायचा. दंडावरून, छातीवरून, मानेवरून. आणि घाबरत होता. आजवर कापूस वेचणारा एकही माणूस घाबरला नव्हता. तिनं वाकून विचारलं, काय आहे?

"मुंग्या," तो म्हणाला. "लाल मुंग्या. याडी, काढ ना व."

याडी म्हणजे आई. कापूस नव्हताच. काल दुपारपासून कापूस फक्त तिला एकटीला दिसत होता. भासात माणसाला रोजचंच दिसतं, हा सिद्धांत तिनं जगाला लावला होता, स्वतःला लावायचा राहून गेला होता.

आणि ह्या मुंग्या तिनं आधी एकदा पाहिल्या होत्या. ती तेरा वर्षांची असताना बाभुळगावच्या घरात तिचे वडील बाबाराव असेच अंगावरून मुंग्या काढत होते. हाच घाम, हीच थरथर, हीच भीती. दोन दिवसांत ते गेले. ताप डोक्यात चढला, असं आईनं लोकांना सांगितलं, आणि पुढं जयानंही सगळ्यांना तेच सांगितलं. बाबाराव रोज संध्याकाळी घेत असत, हे तिला माहीत होतं. जाण्याआधी काही दिवस त्यांनी ती एकदम बंद केली होती, हेही माहीत होतं. दारू एकाएकी सुटली की माणसाला काय काय होतं, ते डॉक्टरांच्या तोंडून तिच्या कानावर आलं होतं. तसले पेशंट ह्या इस्पितळात ठेवून घेत नसत, म्हणून पाहिलं नव्हतं. पण पस्तीस वर्षांत तिनं हे सगळं शेजारी-शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. आत्ता बघितलं. ओटी न सोडताच ती उठली.

ती उर्वशीकडे गेली आणि म्हणाली की हा कापूस नाही, मी चुकले, इंजेक्शन थांबवा, ह्याची दारू सुटली आहे. उर्वशीनं फॉर्म पुढं केला. तिथं स्वच्छ अक्षरात "नाही" होतं, आणि ते ज्या बाईनं सांगितलं तिचा फोटो पेपरात आलेला होता. नुसत्या अंदाजावर औषध फिरवलं आणि विषच उसळलं असेल, तर माणूस हातचा जायचा. मला नक्की कळलं पाहिजे, उर्वशी म्हणाली, आणि लगेच कळलं पाहिजे.

मोतीबाई बाहेर बाकावर बसली होती. जया तिला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेली आणि सरळ विचारलं, ते घेतात का. मोतीबाईचा चेहरा दाराला कडी घालावी तसा बंद झाला. तुम्हाला पेपर दाखवला ना, म्हणाली. जयाला कळलं की ह्या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. ती स्वतः तेच देत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ उघडायला सांगणारी आपण कोण? म्हणून तिनं आधी स्वतःची उघडली.

"माहे बाबा असेच गेले," ती म्हणाली. "मुंग्या काढत काढत. रोज घेत, अन् एका दिवशी सोडली. अंगाले थे झेपलं नाई. आमी लोकायले ताप सांगतला. मी आजवर कोनालेच खरं सांगतलं नाई, धम्मरत्नलेबी नाई." मग ती जवळ सरकली. "मोतीबाई, थे पेतेत काय, हे मी इचारतच नाई. शेवटची कधी घेतली, तेवढं सांगा."

मोतीबाईनं टाकीचा गळणारा नळ आवळला. मग म्हणाली, "रविवारी. दिवे लागाच्या वक्ती." आणि अगदी खालच्या आवाजात, "मीच देल्ली."

मग तिनं सगळं सांगितलं. आडवी बाटली निवडून आली त्या दिवशी पूनमसिंगनं तिच्या शब्दासाठी दारू सोडली होती. दुसऱ्या दिवशी त्याचे हात असे कापू लागले की भाकरी तोंडापर्यंत जाईना. तिनं दवाखान्यात न्यावं, तर सांगणार काय? ती घाबरली. पदर डोक्यावरून ओढून चार गावं सोडून पाचव्या गावी गेली आणि गोड्या तेलाच्या कॅनमधून दारू घेऊन आली. तेव्हापासून रोज सांजेला ती स्टीलच्या गिलासानं मोजून द्यायची. आधी दोन गिलास. मग दर महिन्याला बोटभर कमी. आता दीडवर आणलं होतं, आणि होळीपर्यंत एकावर आणायचा तिचा बेत होता. जिल्ह्यात जिनं बाटली आडवी पाडली, तीच रोज सांजेला घरात ती उभी करत होती. इस्पितळात आल्यापासून मात्र द्यायला जमलं नव्हतं. देता येईना आणि सांगता येईना.

जया ऐकतच राहिली. डॉक्टर लोक हेच मोजून-मापून करतात, गोळ्या देऊन. ह्या बाईनं ते कुणाला न विचारता चुलीमागं बसून काढलं होतं. दारूवर सरकारं आली नि गेली, भाषणं झाली, आणि खरं धोरण निघालं ते एका स्टीलच्या गिलासातून. जयाला तिचा एवढा अभिमान वाटला की तिनं मोतीबाईचे दोन्ही हात धरले. मोतीबाईला त्यात अभिमानासारखं काही दिसत नव्हतं. ती म्हणाली की बाया तोंडावर थुंकतील. मदतही जाईल. तांड्यात उभं राहायला जागा उरणार नाही. जयानं खोटा धीर दिला नाही. आत ते घाबरलेत, तुमाले हाक मारून राह्यले, एवढंच तिनं सांगितलं. हे अर्धं खरं होतं. तो आईला हाक मारत होता. पण पुरुष बायकोला आणि आईला कितीसा वेगळा हाक मारतो?

मोतीबाई उठली. वॉर्डात जाऊन उर्वशीच्या टेबलासमोर उभी राहिली आणि चौदाच्या चौदा खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. हळू बोलायची तिला सवयच नव्हती.

"लिहा मॅडम. पेते. रविवारी सांजेले शेवटची. मी देल्ली."

उर्वशीनं अ‍ॅट्रोपिन बाजूला ठेवलं. शांत करणारं इंजेक्शन, जीवनसत्त्व, सलाइन असं सगळं सुरू केलं. जयानं ओटी सोडली आणि पाण्याची बादली घेतली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मोतीबाई, दोघी पूनमसिंगच्या अंगावरच्या एकेक मुंगीला चिमटीत धरून बादलीत टाकू लागल्या. मोतीबाईला एकही मुंगी दिसत नव्हती, तरी तिनं जोर लावून बऱ्याच मारल्या. शुक्रवारी मुंग्या कमी झाल्या. शनिवारी सकाळी त्यानं डोळे उघडले, बायकोकडे बघितलं आणि खोकला. तेव्हा मोतीबाई वॉर्डाच्या मधोमध खाली बसून मोठ्यानं रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

त्यानंतर निर्व्यसनी वॉर्डाची जी काय पडझड झाली, ती पाहण्यासारखी होती. शनिवार दुपारपासून बायका एकेक करून उर्वशीच्या टेबलाशी यायच्या, पदराशी चाळा करायच्या आणि म्हणायच्या की आमच्याही कागदात जराशी दुरुस्ती करा. चौदातले नऊ गळाले. त्यातल्या दोघांचे हात आदल्या रात्रीपासून कापत होते, त्यांना वेळेवर औषध मिळालं. उर्वशीनं फॉर्मवरची जुनी ओळ खोडून शेजारी पेननं लिहिलं, शेवटची कधी घेतली? मदतीचा कागद नेहमीच्याच संथ चालीनं फिरला. त्या ओळीवर कुणी बोट ठेवल्याचं ऐकिवात नाही. तांड्यातल्या बायाही थुंकल्या नाहीत. चार दिवस बोलल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी दोघी जणी तिन्हीसांजेला मोतीबाईकडे गिलासाचं माप विचारायला आल्या.

निबंध दोन वर्षांनी छापून आला. उर्वशी पुढं त्याच विद्येसाठी बाहेरदेशी गेली, आणि तिथं भासातल्या माणसापाशी बसणाऱ्यांना पहिल्या दिवशी ओटी बांधायला शिकवते म्हणतात. निबंधात जयाचं नाव तिसरं आहे. धम्मरत्ननं तो कागद काचेत बसवला. त्यातला एक शब्दही त्याला कळत नाही, पण जेवताना ऐकलेलं सगळं त्यात आहे असं तो पाहुण्यांना सांगतो. हजेरीच्या रजिस्टरात जया आजही आयाच आहे.

पण हे पुढचं. त्या शनिवारनंतरच्या रविवारी जया बाभुळगावला आईकडे गेली. विमलताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. आल्या आल्या जयाच्या वाळण्यावरून, मग तिच्या चपलांवरून आणि मग जावयाच्या पगारावरून बोलून झालं. त्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जया समोर बसली, दोन-चार शेंगा सोलल्या, आणि म्हणाली, "आई, बाबानं शेवटची कधी घेतली होती?"

विमलताईंनी हातातली शेंग पुरी सोलली. पीत होते का, असं विचारलं असतं तर त्यांनी सुपासकट उठून घरात जायला कमी केलं नसतं.

"बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "उरलेली माह्या हातानं उकंड्यावर ओताले लावली."

मग हळूहळू आलं. बाबाराव सोळा वर्षांचे असताना आईबापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. विहारात मोठ्यानं म्हणायचे, फक्त दारूची आली की आवाज बारीक करायचे. त्या पौर्णिमेला त्यांनी ती पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली. पाचव्या दिवशी ते गेले. मी ओतली नसती तर गेले नसते, असं विमलताईंना तेव्हापासून वाटत आलं होतं, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

जयानं त्यांना समजावलं. अंगाला सवय झालेली दारू एकदम सुटली की असं होतं, त्याला औषध असतं, तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही, तुझा ह्यात काही दोष नाही. हे सगळं ती बावीस वर्षांच्या अनुभवानं, शांतपणे बोलली. आई मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती सुपातल्या दाण्यांकडे बघत होती.

"चार दिवस त्यायनं तोंडाले लावली नाई, जया," विमलताई म्हणाल्या. "हातपाय कापत होते, तरी लावली नाई. माह्या जिवाले लई वाटे, थे लोकायले सांगावं. पन सोडली म्हनाव, त आंधी पेत होता म्हना लागते. म्हनून मी दोन्हीबी नाई सांगतलं."

यवतमाळची साडेचारची गाडी गेली, मग सहाचीही गेली. सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. विमलताई नवऱ्याबद्दल सांगत होत्या, त्याच्या चालण्याबद्दल, रागाबद्दल, पिण्याबद्दल आणि त्या चार दिवसांबद्दल, आणि जया मध्ये काही न बोलता त्यांच्या शेजारी बसून ऐकत होती.